शाकारणीचे उद्घाटन होत नाही

फोंड्याहून कुठेही जायचे तर आधी पाणी ओलांडावे लागते. पणजीला निघालात तर बाणस्तारीला कुंभारजुव्याची खाडी, मडगावला निघालात तर बोरीला जुवारी, आणि बेळगावची वाट धरलीत तर गाव मागे पडते न पडते तोच खांडेपारची नदी. देवळांचा तालुका म्हणून आमची ख्याती आहे, पण रोजच्या व्यवहारात हा पुलांचा तालुका आहे. याची प्रचिती सैन्यालाही आली होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी अनमोड-मोलेच्या वाटेने भारतीय जवान फोंड्याच्या रोखाने उतरले, तेव्हा त्यांना लढाई अशी करावी लागलीच नाही. ते अडले पोर्तुगीजांनी उडवून दिलेल्या पुलांपाशी. पहिल्या तुकड्या खांडेपार-धारबांदोड्यापर्यंत आल्या आणि रात्र पडली. मागून पहाटे येऊन पोचलेल्या शीख पलटणीने बोरीच्या मोडलेल्या पुलाची वाट न पाहता जुवारी पार केली आणि पुढे छातीभर पाण्यातून चालत राय गावचा धक्का गाठला. पूल नसला की चारशे वर्षांच्या राजवटीचा शेवटही काही तास लांबतो!

आमच्या आजोळी कुळागरातून व्हाळ जातो. त्यावर साकव होता. दरवर्षी मिरग लागण्याआधी मामा आणि वाड्यावरची चार माणसे जुने, कुजलेले ओंडके काढत, पोफळीचे नवे ओंडके टाकत, बाजूला धरायला बांबू बांधत. अर्ध्या दिवसाचे काम. दुपारी सगळ्यांना पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर. साकव कधी पडला असे मला आठवत नाही, कारण तो पडायच्या आधीच बदलला जात असे. आपल्या वाचकांपैकी जे सिरसी-कुमट्याकडचे आहेत त्यांना हे नवे नाही. तिकडच्या कन्नडात याच वस्तूला 'संक' म्हणतात, आणि साकव व संक ही सख्खी भावंडे वाटावीत इतकी जवळची आहेत. पुस्तकी कन्नडातला 'सेतुवे' आणि आपला 'सेतू' हे मात्र थोर घराण्यातले. त्यांना उद्घाटन लागते, फीत लागते, कोनशिला लागते. साकवाला लागतात ती फक्त दरवर्षी चार माणसे.

घराच्या छपराचेही तसेच. कौलारू घरात वाढलेल्या कोणालाही शाकारणी सांगावी लागत नाही. पावसाच्या तोंडावर कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे ठोकून बघायचे, वाळवी लागलेली रीप बदलायची. हा खर्च घराच्या हिशेबात धरलेलाच असे. कोणी कितीही तंगीत असला तरी 'यंदा शाकारणी राहू दे' म्हणत नसे, कारण एक वर्ष राहिली की पुढच्या वर्षी कौलांऐवजी वासे बदलावे लागतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी भिंत. आणि शाकारणी झाली म्हणून कोणी पेढे वाटत नाही. घर पाहायला आलेला पाहुणा 'छप्पर काय छान गळत नाही हो' असे म्हणत नाही.

मला वाटते, सार्वजनिक पुलांच्या बाबतीत आपले जे बिघडले आहे ते इथेच. सिमेंट-काँक्रीट आले आणि आपल्याला वाटले की शाकारणीची कटकट संपली. पूल एकदा बांधला की बांधला.

तो समज पहिल्यांदा फुटला तो गोव्यातच. मांडवीवरचा पणजीचा नेहरू पूल हा मुक्तीनंतरच्या नव्या गोव्याचा मोठा अभिमान होता. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला, तेव्हा त्याचे वय होते जेमतेम पंधरा-सोळा वर्षे. त्यानंतरच्या काळात पणजी-बेती फेरीबोटींवर जी गर्दी उसळली तिच्या गोष्टी आमच्या घरी अजून निघतात. गाडी घेऊन म्हापशाला जायचे तर एकतर फेरीच्या रांगेत दिवस घालवा, नाहीतर फोंडा-उसगाव-डिचोली असा लांबचा वळसा घ्या. पेडण्याच्या माणसाला राजधानी अचानक परमुलखासारखी दूर झाली. नवा पूल उभा राहून वाहता व्हायला नव्वदचे दशक उजाडले.

हे पूल कशाने जातात, ते समजून घेणे अवघड नाही. त्या काळचे मोठे पूल प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे, म्हणजे काँक्रीटच्या पोटात नळ्या ठेवून त्यांतून पोलादी तारा ओवायच्या, त्या जोराने ताणायच्या आणि मग नळीत पातळ सिमेंट भरून तोंडे बंद करायची. पुलाचे सगळे बळ त्या ताणलेल्या तारांत. सिमेंट भरताना कुठे पोकळी राहिली, वरच्या सांध्यातून पाणी झिरपले, आणि आपल्या हवेतले मीठ त्या पाण्याबरोबर आत गेले की तार गंजू लागते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून साध्या सळ्यांवरचे काँक्रीट फुगून तडकते आणि निदान दिसते तरी. नळीतली तार मात्र गुपचूप गंजते. वरून पूल पांढराशुभ्र, आतून वाळवी लागलेला वासा. मांडवीच्या बाबतीत हा गंजच मुख्यतः नडला. मिठागरांच्या देशात ही गोष्ट कोणालाही आधीच सुचायला हवी होती, पण तो हिशेब करणारी पुस्तके बहुधा थंड, कोरड्या मुलखात लिहिलेली होती.

आता जुवारीकडे वळू. कुठ्ठाळीचा जुना जुवारी पूल १९८३ साली सुरू झाला. घडण मांडवीच्याच पिढीची. मांडवीचा अनुभव पाठीशी असल्याने त्याच्याकडे सगळेच धास्तीने पाहू लागले. तपासण्या झाल्या, दुरुस्त्या झाल्या, आणि अनेक वर्षे त्यावरून अवजड वाहनांना बंदी किंवा मर्यादा राहिली. मग ही अवजड वाहने जाणार कुठे? ती आली फोंड्याला. पणजी-मडगाव हा सरळ रस्ता सोडून ट्रक, टँकर, कंटेनर बाणस्तारीवरून फोंड्यात आणि तिथून बोरीच्या पुलावरून सासष्टीत उतरू लागले. जुवारीचे ओझे बोरीने उचलले. एक आजारी भाऊ अंथरुणाला खिळला म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर दोघांचे सामान आले, तसे झाले. आणि दुसरा भाऊही काही पैलवान नव्हे.

मी अर्थशास्त्र शिकवतो. या वळशाचा हिशेब मी एकदा वर्गात फळ्यावर मांडून दाखवला होता. कुठ्ठाळीमार्गे पणजी-मडगाव साधारण तेहतीस किलोमीटर. फोंडा-बोरीमार्गे अठ्ठेचाळीसच्या आसपास. म्हणजे एका खेपेला पंधरा किलोमीटर जास्त. भरलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर चालतो असे धरा, डिझेल नव्वद रुपये धरा. एका खेपेला साडेतीनशे रुपयांच्या आसपास गेले. हिशेबापुरते दिवसाला हजार ट्रक धरले तर दिवसाचे तीन लाखांहून अधिक आणि वर्षाचे बारा कोटींच्या वर. यात चालकाचा वेळ नाही, टायर नाहीत, बोरीच्या उतारावर घरासमोर दिवसरात्र ब्रेक मारणाऱ्या गाड्यांचा धूर नाही, आणि शाळेच्या पोराला रस्ता ओलांडून देण्यासाठी उभे राहिलेल्या आजोबांचा वेळ तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. हा पैसा कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही. पण तो खर्च झाला, आणि शेवटी भाजीच्या, सिमेंटच्या, गॅसच्या भावात मिसळून सगळ्यांनी भरला. विद्यार्थ्यांपैकी एकाने विचारले, "सर, मग सरकारने दुरुस्तीचे पैसे वाचवले असे कसे म्हणायचे?" प्रश्न चांगला होता. शिरोड्याहून रोज बसने येणारा मुलगा होता तो, त्याला वाहतुकीच्या कोंडीचे अर्थशास्त्र माझ्याहून जास्त कळत होते.

नवा जुवारी पूल झाला. पहिल्या चार मार्गिका डिसेंबर २०२२ मध्ये आणि उरलेल्या डिसेंबर २०२३ मध्ये खुल्या झाल्या. म्हणजे जुन्याला बरोबर चाळीस वर्षे होताना. हा चाळीसचा आकडा लक्षात ठेवावा असा आहे. माणसाला चाळिशी आली की डोळ्यांवर 'चाळिशी' येते. मी सध्या तीच लावून हे लिहीत आहे. पुलांना चष्मा लागत नाही, पण चाळिशी त्यांनाही गाठते. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. कोडीबाग आणि सदाशिवगड यांना जोडणारा, गोव्याचा आणि कारवारचा दुवा, चाळीस-एकेचाळीस वर्षांचा. एक ट्रक नदीत गेला. चालक जिवंत सापडला ही त्या रात्रीची कृपा. आपल्या वाचकांतली किती घरे असतील, ज्यांची सून सदाशिवगडची आणि मुलगी मडगावला दिलेली! त्यांच्यासाठी ती फक्त बातमी नव्हती. पुढच्याच वर्षी, ९ जुलै २०२५ रोजी, गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल मधोमध तुटला आणि वीसच्या आसपास माणसे गेली. तो १९८५ चा, म्हणजे पुन्हा चाळिशीतलाच. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपीवरचा महामार्गाचा पूल पडून तेरा जण दगावले. तोही १९६७ चा, चाळीस वर्षांचा. त्या पुलावर त्या दिवशी दुरुस्तीचेच काम चालू होते, आणि दुरुस्तीसाठी आणलेल्या खडी-वाळूचे ढीग त्याच्या पाठीवर रचलेले होते.

याचा अर्थ चाळीसाव्या वर्षी पूल पडतोच असे नाही. पण साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत जगभर, आणि आपल्याकडेही, पुलांची एक पिढीच्या पिढी एकदम जन्मली. ती आता एकदमच वयात आली आहे, आणि औषधपाण्याचे बिलही एकदमच येत आहे.

कोणी म्हणेल, जुन्या लोकांचे पूल बरे होते. रायबंदरचा लांबलचक बांधपूल पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधला, आणि आजही त्यावरून बसगाड्या धावतात. खरे आहे. त्याच्या पोटात गंजायला लोखंड नाही आणि तो खोल प्रवाहात उभा नाही. पण दगडी म्हणजे अमर असेही नव्हे. महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस. टी. गाड्या आणि आणखी वाहने अंधारात सरळ नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसे बुडाली. त्याच वर्षी पावसाआधी त्याची पाहणी झालेली होती. पाहणी बहुतेक वेळा वरून होते, आणि पुराचे पाणी पायाखालची माती खालून नेते. आपल्याकडे नदीतली वाळू चोरून उपसणारे रात्री नेमके हेच काम करतात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, सगळीकडे. वाळूच्या होडीत कोणाच्या तरी घराचा गिलावा असतो तसा कुठल्या तरी पुलाचा पायाही असतो. सावित्रीवर नवा पूल मात्र १६५ दिवसांत, सुमारे पस्तीस कोटी रुपयांत उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर आपल्याला जमते. फक्त त्याआधी माणसे बुडावी लागतात.

पैशाचे बोलू. डी सिटर नावाच्या अभियंत्याने १९८४ साली एक साधा ठोकताळा मांडला, तो जगभर पाचाचा नियम म्हणून शिकवतात. बांधतानाच नीट काळजी घ्यायला जिथे एक रुपया पुरतो, तिथे ती न घेतल्यास देखभालीला पाच लागतात, देखभाल टाळल्यास दुरुस्तीला पंचवीस, आणि दुरुस्तीही टाळल्यास सव्वाशे. आकडे तंतोतंत नसतील, पण कौले-वासे-भिंत या आजीच्या हिशेबाशी ते चांगले जुळतात. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशानेही हा हप्ता चुकवला. तिथे सहा लाखांहून जास्त पूल आहेत, त्यांतले बेचाळीस हजारांहून अधिक वाईट स्थितीत. २०२१ साली कायदा करून त्यांनी फक्त पुलांसाठी चार हजार कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीन लाख कोटी रुपये, बाजूला काढले. तरीही सगळे थकलेले काम त्यात भागत नाही. आपल्या देशात तर पूल आहेत किती याची एकत्र यादीच २०१६ पर्यंत नव्हती. त्या वर्षी राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची मोजदाद सुरू झाली; लहानमोठी धरून दीड लाखांहून अधिक बांधकामे निघाली. जे मोजले ते निदान कागदावर आले. जिल्ह्याचे, गावाचे, पाणंदीवरचे पूल मात्र त्या यादीबाहेर राहिले.

आणि अपघात अनेकदा अशाच यादीबाहेरच्या पुलांवर होतात. सावर्डे-कुडचड्याचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल वापरासाठी बंद होता. १८ मे २०१७ रोजी नदीत उडी घेतलेल्या एका तरुणाचा शोध चालू होता, तो पाहायला लोक त्याच पुलावर चढले आणि पूल त्यांच्यासह खाली गेला. इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ च्या रविवारी पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चौघे गेले. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती. बंद केलेला पूल पाडायलाही पैसा लागतो, आणि तो तर दुरुस्तीच्या पैशाहूनही नावडता. बंद पूल उभा ठेवायचा आणि फलक लावायचा, हा सर्वांत स्वस्त उपाय.

आपल्या वाचकांना चोर्ल्याच्या वाटेवरचा कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल माहीत आहे. ब्रिटिशकालीन. आधी अवजड गाड्या बंद, मग जुना पाडून नवा. त्या काळात बेळगावहून गोव्याला येणारे दूध-भाजीचे ट्रक अनमोडला वळले आणि खांडेपारवरून फोंड्यात उतरले. पुन्हा तेच. एकाचे दुखणे, दुसऱ्याचा खांदा.

मग शाकारणीचा पैसा येणार कुठून? उत्तर आमच्या खाजनात आहे असे मला वाटते. खाजन म्हणजे खाडीलगतची, समुद्रसपाटीच्याही खाली असलेली भातशेती. ती बांधांच्या भरवशावर जगते. बांधाला मानस असते, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडणारे लाकडी दरवाजे. मानशीपाशी मासळी साठते, आणि ती पकडण्याचा हक्क दरवर्षी पावणीत, म्हणजे लिलावात, दिला जातो. त्या पैशातून बांधाची डागडुजी. जुन्या गावकरीने ही सोय लावून ठेवली. दुरुस्तीसाठी कोणाकडे हात पसरायचा नाही. ज्या पाण्यापासून धोका, त्याच पाण्यातल्या मासळीने बांध राखायचा. टोलचे तत्त्व याहून वेगळे नाही, फक्त टोलचा पैसा त्याच पुलाच्या पोटात परत जातो की नाही हे लिलावाइतके उघड नसते. गावात बांधाला भगदाड पडले तर पावणीचे पैसे कुठे गेले हे सगळे गाव विचारी.

योगायोग असा की बोरीच्या नियोजित नव्या पुलाला पलीकडच्या लोटलीतून जो विरोध झाला, तो या खाजन शेतकऱ्यांचाच. आमच्या बांधांवरून रस्ता नेऊ नका, असे त्यांचे म्हणणे. फोंड्याच्या माणसाला नवा पूल हवा आहे, मलाही हवा आहे. पण ज्यांनी शतकानुशतके बांध राखले, त्यांना 'तुम्ही विकासाच्या आड येता' असे म्हणताना जीभ अडखळते. जुन्या बोरी पुलाच्या अंगावर जेवढी वर्षे जास्त ओझे टाकले, तेवढी नव्याची घाई वाढली, आणि घाईत शेताचा विचार मागे पडतो. देखभाल टाळल्याचे बिल असे कधी ट्रकवाल्याच्या नावे फाटते, कधी कुळाच्या.

नवे झाले म्हणून सुटका नाही, हे अटल सेतूने दाखवले. २७ जानेवारी २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि मोजक्या वर्षांतच त्याच्या पृष्ठभागाची डागडुजी करावी लागली. त्यावर मोठा गदारोळ झाला. कामाच्या दर्जाबद्दल विचारायलाच हवे. मात्र डागडुजी झाली याचे मला वाईट वाटले नाही. वाईट वाटते ते तिची बातमी 'नामुष्की' म्हणून छापली जाते याचे.

पुलाची पहिली दुरुस्ती तशी फार स्वस्त असते. कडेची पाणी जायची भोके मोकळी करणे, सांध्यांतली माती काढणे, कठड्याच्या फटीत रुजलेले पिंपळाचे रोप अंगठ्याएवढे असतानाच उपटणे. पिंपळ तोडायला आपल्याकडे कोणी धजत नाही, म्हणून तो मनगटाएवढा होतो, मग मांडीएवढा, आणि मग त्याच्या मुळांसाठी निविदा काढावी लागते. गेल्या जूनमध्ये एका लहान पुलावर मी भिजत उभा होतो. अकरा भोकांपैकी सात बुजलेली होती आणि पाणी रस्त्यावर पावलाएवढे साचून सांध्यातून खाली ठिबकत होते. शेजारी छत्री धरून उभी असलेली मासळीवाली मला म्हणाली, "सर, एक काठी घेऊन या, मी सांगते कुठे घालायची ते." तिच्याच टोपलीवरची काठी घेतली. चार भोके मोकळी झाली. उरलेल्या तीनांत डांबर घट्ट बसले होते, ती तशीच राहिली.